अडीच गुंठ्यांचा संकल्प

माणसाचे बहुतेक संकल्प खाजगीत मोडतात. शिकायला म्हणून आणलेली पेटी पलंगाखाली जाते, जर्मन भाषेचं पुस्तक दुसऱ्या धड्यात खूण घालून कपाटात बसतं, जिमचं कार्ड पाकिटात जुनं होतं. घरचे चार दिवस टोमणे मारतात, मग तेही विसरतात. दाद ना फिर्याद. इंग्लंडातल्या अलॉटमेंटवर मोडलेला संकल्प मात्र कंबरेएवढा वाढतो, त्याला फुलं येतात, त्याचं बी उडून शेजाऱ्याच्या गाजरांत पडतं आणि मग त्याच्याबद्दल समितीचं पत्र येतं. ‘स्वतः पिकवून खाईन’ या निश्चयाचं पुढे काय झालं, असं लेखी विचारणारी दुसरी यंत्रणा माझ्या तरी माहितीत नाही.

ते पत्र पाठवायचं की नाही हे ठरवायला जे तिघं जण दर मोसमात वही-पेन्सिल घेऊन फेरी मारतात, त्यांत मी आहे. मिडलंड्समधल्या आमच्या गावाच्या कडेला, रेल्वेरुळांना लागून ही जमीन आहे. मालकी कौन्सिलची, कारभार भाडेकरूंच्या समितीचा. म्हणजे जमीन दुसऱ्याची, भांडणं आपली. समितीवर माझी नेमणूक का झाली याचं कारण साधं आहे. त्या सभेला मी हजर होतो.

अलॉटमेंट म्हणजे भाजीपाला पिकवण्यासाठी वर्षाच्या भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा. घर एकीकडे, हा तुकडा दुसरीकडे. इथे तो अजूनही रॉड या मापात मोजतात. एक रॉड म्हणजे साडेपाच यार्डांची काठी, आणि जुन्या हिशेबाने पूर्ण प्लॉट दहा चौरस रॉडचा. सुमारे अडीचशे चौरस मीटर. मराठी माणसाने चौरस मीटरच्या नादी लागू नये. एकर दोन्हीकडे तोच असल्यामुळे गुंठ्यात हा हिशेब तंतोतंत अडीच भरतो. अडीच गुंठे म्हटलं की पुण्याच्या आसपासच्या माणसाच्या डोळ्यांसमोर बंगला, कंपाउंड आणि दारात पांढरी स्कॉर्पिओ उभी राहते. मुलाकडे आलेले मुळशीचे एक काका आमच्या फाटकाशी उभे राहून बराच वेळ तो विस्तार न्याहाळत होते.

“भाडं काय म्हणालात?”

“वर्षाला साधारण पन्नास-साठ पौंड, काका.”

“वर्षाला?” काकांनी मनातल्या मनात गुणाकार केला. “आणि एन.ए. कधी होणार?”

मी त्यांना 1925 चा कायदा सांगितला. कौन्सिलने अलॉटमेंटसाठीच घेतलेली जमीन मंत्र्याच्या संमतीशिवाय विकता किंवा दुसऱ्या कामाला लावता येत नाही.

“मंत्र्याची संमती लागते,” काका समाधानाने म्हणाले. “म्हणजे होतं.”

कायदे इथे भरपूर आहेत. गावाची सामाईक कुरणं मोठ्या जमीनदारांनी कुंपणं घालून घशात घातली, तेव्हा उघड्यावर आलेल्या मजुरांच्या तोंडावर हे तुकडे फेकले गेले; तिथून ही प्रथा रुजली. 1908 च्या कायद्याने ती कौन्सिलांच्या गळ्यात बांधली. गावातल्या सहा मतदारांनी मिळून अर्ज केला, तर कौन्सिलला त्याचा विचार करावाच लागतो. मराठी वस्तीत सहा मतदार एका अर्जावर आणायचे म्हणजे आधी दोन मंडळं स्थापन करावी लागतील, ही गोष्ट वेगळी. 1922 च्या कायद्याने अलॉटमेंटची व्याख्या केली: मुख्यतः स्वतःच्या आणि कुटुंबाच्या खाण्यासाठी भाजी किंवा फळं पिकवण्याची जागा. 1950 च्या कायद्याने तिथे कोंबड्या आणि ससे पाळायची मुभा दिली, कोंबडा मात्र वगळला. गाजवायला तोंड आहे आणि अंडं द्यायची ऐपत नाही, अशांची पार्लमेंटला चांगली पारख असावी.

एवढ्या कायद्यांत एक कलम राहून गेलं. हे सगळं तण उपटणार कोण?

त्याचं उत्तर एकदाच मिळालं होतं, तेही हिटलरमुळे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या अन्नाची जहाजं बुडवू लागल्या आणि सरकारने ‘डिग फॉर व्हिक्टरी’ची हाक दिली. लंडनच्या टॉवरच्या कोरड्या खंदकातसुद्धा भाजी लावली गेली. रेडिओवर मिडलटन नावाचे गृहस्थ लोकांना कांदे-बटाट्यांवर व्याख्यानं देत आणि लोक ती मन लावून ऐकत. त्या काळात अलॉटमेंटची संख्या चौदा लाखांच्या घरात गेली. आज ती त्याच्या पावपटीच्या आसपास आहे. 1954 मध्ये रेशनिंग संपलं आणि त्याबरोबर कोबीवरचं प्रेमही आटलं. ओस पडत चाललेल्या या जमिनींचं काय करायचं, यावर सरकारने थॉर्प नावाच्या प्राध्यापकांची समिती नेमली. 1969 च्या त्यांच्या अहवालातली एक मोठी शिफारस अशी, की यांना यापुढे ‘लेझर गार्डन’ म्हणावं. फावल्या वेळची बाग! ज्याने हे नाव सुचवलं त्याच्या वाट्याला जुलै महिन्यात अडीच गुंठे आले नसावेत.

पुढे 1975 मध्ये बीबीसीवर ‘द गुड लाइफ’ ही मालिका आली. उपनगरातलं एक जोडपं नोकरीला रामराम ठोकून परसात शेती करतं, डुकरं पाळतं. लोकांना परत हुरूप आला. 2020 च्या टाळेबंदीत तो पुन्हा आला आणि प्रतीक्षायाद्या लांबल्या. हे पाहता माझं मत असं झालं आहे, की इंग्रज माणसाला मातीची ओढ फक्त दोन कारणांनी लागते: घरात कोंडून घातल्यावर किंवा टीव्हीवर पाहिल्यावर. आपल्यालाही लागते, पण आपण त्याच भरात शेतघर विकत घेतो आणि राखणदार ठेवतो.

आता फेरी.

आमचे सेक्रेटरी जुन्या वळणाचे इंग्रज आहेत. त्यांच्या तोंडून वाईट शब्द निघत नाही. डोक्यावरून जाणारी काटेरी ब्रॅम्बलची जाळी, तिच्या मधोमध बुडालेली चाकगाडी आणि कुठूनसं डोकं काढणारं एक निराश सफरचंदाचं झाड, असा देखावा समोर आला, की ते किंचित थांबतात आणि म्हणतात, “जरासं मागे पडलंय.” तिसऱ्या बाई हिशेब बघतात, त्या सरळ “पत्र” म्हणतात. मी मधला. बहुमत माझ्या हातात असतं, त्यामुळे सगळे भाडेकरू मला बघितल्यावर हसतात.

पडीक प्लॉटचे प्रकार असतात. पहिला एप्रिलकरांचा. एप्रिलमधल्या एखाद्या रविवारी ऊन पडतं आणि फाटकातून सहकुटुंब मिरवणूक येते. बूट नवे, फावड्याच्या दांड्यावरचं लेबल अजून तसंच, मुलांच्या हातात चिमुकले झारे. त्या एका दिवसात सगळं लावलं जातं: गाजर, बीट, वाटाणा, मका, सूर्यफूल. फोटो निघतात. ते नातेवाइकांच्या ग्रुपवर जातात आणि साताऱ्याहून ‘शेतकरीदादा!’ असे प्रतिसाद येतात. दुसऱ्या रविवारी पाऊस असतो. तिसऱ्या रविवारी कुणाच्या तरी मुलाची मुंज. पाचव्या रविवारी मंडळी येतात, तेव्हा आपण गाजर कुठे लावलं होतं हे गाजरालाही सांगता येत नाही.

दुसरा प्रकार खोपटीवाल्यांचा. यांचं म्हणणं, आधी पायाभूत सुविधा. अवजारं ठेवायला शेड हवी. शेडला खिडकी हवी. खिडकीला पडदा, आत खुर्ची, खुर्चीशेजारी चहाचा स्टोव्ह. दोन उन्हाळे अशा रीतीने सत्कारणी लागतात. तिथे चहा उत्तम मिळतो. पीक विचारू नये.

तिसरे आपल्याच आयटीतले, नियोजनवाले. यांच्याकडे प्लॉटचा एक्सेल आराखडा असतो. चार वर्षांचा पीक-फेरपालट, प्रत्येक कुळाला वेगळा रंग: बटाटा तपकिरी, शेंगा हिरव्या, कोबी निळा, कांदा जांभळा. शास्त्र अगदी बिनचूक. एकाच मातीत दर वर्षी कोबी लावला तर त्याच्या मुळांना रोग धरतो हे खरंच आहे. अशा एका तरुणाला फेरीच्या वेळी प्रत्यक्ष जमीन दाखवून मी विचारलं, “अरे, हे काय?” तो म्हणाला, “काका, हे अजून व्हर्जन वनमध्ये आहे.”

चौथे तत्त्वज्ञ. यांना पत्र गेलं की उत्तर येतं: आम्ही निसर्गाला मुद्दाम जागा दिली आहे, फुलपाखरं यावीत म्हणून. फुलपाखरं येतात हे मी शपथेवर सांगेन. पांढरीशुभ्र असतात. निसर्गाच्या जागेत बागडून झालं, की पलीकडच्या प्लॉटवर जाऊन कोबीच्या पानांखाली अंडी घालतात आणि पंधरवड्यात त्या कोबीची चाळण होते. तत्त्वज्ञानाची झळ नेहमी शेजाऱ्यालाच लागते.

या सगळ्यांचा समान शत्रू बाइंडवीड. चांदवेलीच्या कुळातला हा वेल, फुलं पांढरी आणि दिसायला सोज्वळ. जमीन उकरली की खाली त्याची मुळं शिजलेल्या शेवयांसारखी हाताला लागतात, आणि ओढली की तेवढीच ठिसूळ. बोटभर तुकडा हातात येतो, उरलेलं खाली राहतं आणि प्रत्येक तुकड्यातून नवा वेल निघतो. एका हौशी गृहस्थाने भाड्याने यंत्र आणून सगळा प्लॉट एका सकाळी भुसभुशीत करून टाकला. मुळांचे हजार तुकडे झाले. महिनाभराने इतकी एकसारखी उगवण आली, की सेक्रेटरींनी वहीत ‘लागवड: पूर्ण’ असं लिहायला घेतलं होतं.

कोपऱ्यातला प्लॉट रिकामा झाला तेव्हा आम्ही तो साफ करायला घेतला. वर ब्रॅम्बल. त्याखाली काळं प्लॅस्टिक: उजेड बंद करून तण मारण्याचा एकाचा प्रयत्न. त्याखाली चार बोटं माती आणि मग चक्क गालिचा, लाल, वेलबुट्टीचा. एके काळी घरातले जुने गालिचे अंथरून तण दाबायची इथे फार पद्धत होती. गालिचे कुजतात, त्यांचे कृत्रिम धागे मातीत मिसळतात, म्हणून आता बहुतेक ठिकाणी बंदी आहे. गालिच्याखाली आणखी एक गालिचा निघाला. भाडेकरूंच्या पिढ्यांचे निश्चय थरावर थर रचलेले होते. आणि सगळ्यांत खाली, अंधारात, धडधाकट आणि पांढरंशुभ्र, बाइंडवीड. त्याच्या इतकी चिकाटी त्या प्लॉटवर दुसऱ्या कुणी दाखवली नव्हती.

या पाहणीत एकदाच आमची पंचाईत झाली. एका सांगलीकर जोडप्याचा प्लॉट. दोघांच्या नोकऱ्या, धाकटा पाळणाघरात. जूनमध्ये जमीन दिसेनाशी झाली होती. हिशेबाच्या बाईंनी “पत्र” म्हटलं आणि सेक्रेटरींनी ‘तण’ लिहायला पेन्सिल टेकवली, तेवढ्यात हिरवाईतून साडीवर स्वेटर घातलेल्या एक मावशी उभ्या राहिल्या. मुलीकडे सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. पदराची ओटी काठोकाठ भरलेली.

“काय लिहितायत ते?” मावशींनी मला विचारलं.

“मावशी, तण फार झालंय असं म्हणतात.”

“तण? डोळे फुटले का त्यांचे? चाकवत आहे हा! कोवळा, बघा की. सांगलीच्या मंडईत असला मिळत नाही.”

मावशींचं खरं होतं. इंग्रज ज्याला ‘फॅट हेन’ म्हणून उपटून फेकतो, तो हा आपला चाकवत. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही एकच. मी सेक्रेटरींना तसं सांगितलं. ते विचारात पडले. इंग्रज माणूस नियमापुढे नमतो, आणि 1922 चा नियम सांगतो: कुटुंबाच्या खाण्यासाठी भाजी. भाजी होती. कुटुंब समोर उभं होतं. खाणार हे ओटीवरून उघड होतं.

“पण ही त्यांनी लावली आहे का, विचारा,” ते म्हणाले.

मी विचारलं.

“कुणी लावली ते देवाला ठाऊक,” मावशी म्हणाल्या. “निवडत्येय मी. निवडायलाच खरी मेहनत लागते, सांगा त्यांना.”

पत्र गेलं नाही. पुढच्या सभेला मावशींनी ताकातला चाकवत पाठवला, वरून लसणाची फोडणी. सेक्रेटरींनी तो पावाबरोबर खाल्ला, परत घेतला आणि “मुळीच वाईट नाही,” म्हणाले. इंग्रजाच्या तोंडी याला पद्मश्री समजावी. मात्र सप्टेंबरात व्हिसा संपून मावशी सांगलीला गेल्या आणि उरलेल्या चाकवताला तुरे धरले. एक वर्ष बी पडू द्याल तर सात वर्षं खुरपाल, अशी इकडे म्हण आहे. मावशींना दर उन्हाळ्यात बोलावून घ्यावं, असा ठराव समितीपुढे येण्याच्या बेतात आहे.

खरी गोम अशी, की ही जमीन तुमच्याकडे फारसं काही मागत नाही. भाडं थोडं. ज्ञान पुस्तकात मिळतं. बटाटे गुड फ्रायडेला लावावेत इतकी सोपी वचनं आहेत. तो दिवस चंद्रावरून ठरत असल्यामुळे दर वर्षी इकडेतिकडे होतो आणि पंचांग पाहून पेरणी केल्याचं पुण्यही मिळतं. जमीन मागते ती हजेरी. आणि ती नेमकी मागते केव्हा, तर जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा शाळांना सुट्टी लागते आणि आपण भारतात जातो किंवा भारत आपल्याकडे येतो. रात्री साडेनवापर्यंत उजेड. कोर्जेट, म्हणजे झुकिनी, सकाळी बोटाएवढं असतं. चार दिवस विसरलात की त्याचं हातभर लांब मॅरो होतं. ते कुणालाच नको असतं. आमच्या गणपतीत आरतीला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मोदक पडो न पडो, जाताना पिशवीतून एक मॅरो पडतंच. मराठी गृहिणींनी त्याची थालिपीठं केली, कोफ्ते केले, किसून शिऱ्यात घातलं. आता लोक चपला घालता घालता सांगतात, “वहिनी, यंदा आमच्याकडेही खूप आलेत.” त्यांच्याकडे प्लॉट नाही हे वहिनींना माहीत असतं.

तेवढ्यात ओला ऑगस्ट आला, की टोमॅटोवर ब्लाइट पडतो. 1845 मध्ये आयर्लंडात बटाट्याची नासाडी करून दुष्काळ आणणारा हाच रोग. कालपर्यंत पिकू लागलेली रांग आठवड्याच्या आत काळी पडते. आणि गोगलगाई आहेतच. आपल्याकडे गोगलगाय पोटात पाय लपवते. इथली शंखसुद्धा बाळगत नाही, रात्री येते आणि कोवळी रोपं सकाळपर्यंत फस्त करते. तिला पकडायला मातीत भांडं पुरून त्यात बिअर ओततात. ती वासाला भुलते, आत पडते आणि बुडून मरते. स्थानिक संस्कृतीशी एवढी समरस झालेली प्रजा मी अन्यत्र पाहिली नाही.

या रणधुमाळीत एकच प्लॉट असा, की आमच्या वहीत त्याच्यापुढे कधी काही लिहावं लागत नाही. तो जालंधरच्या एका बाबाजींचा. फौंड्रीतून निवृत्त झालेले. मेथी, लसूण, कांदा, वाटाणा, सगळं दोरीत. यंत्र नाही, एक्सेल नाही, शेड म्हणजे उभं केलेलं जुनं दार. बाबाजी रोज सायकलवर येतात, लांब दांड्याचं खुरपं घेऊन रांगांतून एक फेरी मारतात आणि अर्ध्या तासात घरी जातात. त्यांच्या जमिनीत तण दिसतच नाही. मग ते खुरपतात काय, हे मला कोडं होतं. एकदा वाकून बघितलं. खुरप्याच्या पात्यावर सुताएवढे पांढरे कोंब होते, अजून पानंही न फुटलेले. तण दिसायच्या आधी काढायचं असतं. दिसलं की काम दहापट होतं, आणि कंबरेला लागलं की समितीचं.

मी विचारलं, “बाबाजी, एवढी आवड कशी टिकवली?”

“आवड?” ते म्हणाले. “घरी बसलो की बायको कामं सांगते.”

प्लॉट मागायला येणाऱ्यांचं बोलणं मी आता वेगळ्या कानाने ऐकतो. फॉर्मवर प्रश्न असतो, ‘आपल्याला अलॉटमेंट का हवी?’ आणि खाली उत्तरं असतात: मुलांना मातीशी जोडायचं आहे, विषमुक्त अन्न, आजोबांची जमीन होती, मनःशांती. उत्तरं वाचून डोळे पाणावतात. त्यातले निम्मे पुढच्या जूनमध्ये बाइंडवीडच्या स्वाधीन होतात. गोष्ट अशी, की रविवारी सगळेच येतात. तण वाढतं मंगळवारी. मनःशांती, आजोबा आणि विषमुक्त अन्न यांतलं काहीही मंगळवारी संध्याकाळी माणसाला सोफ्यावरून उठवत नाही.

आम्ही आता पूर्ण प्लॉट देणं जवळजवळ बंद केलं आहे. सव्वा गुंठा देतो. नवख्याला त्याच्याही निम्मा. एकाने तर तेवढ्यातही उजव्या बाजूला निसर्गाला जागा दिली. तेव्हा मी समितीपुढे प्रस्ताव ठेवला आहे, की फॉर्मवरचे बाकीचे सगळे प्रश्न काढून एकच ठेवावा: ‘मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला, पाऊस भुरभुरत असताना, आपण काय करता?’ ज्याचं उत्तर ‘विशेष काही नाही’ असेल, त्याला तिथल्या तिथे फाटकाची किल्ली द्यावी. ज्याचं उत्तर ‘घरी असतो, पण बायको कामं सांगते’ असेल, त्याला पूर्ण अडीच गुंठे.